औषध-चयापचय

शरीरात गेलेल्या औषधाचे एंझाइमांमुळे होणारे रासायनिक रूपांतर म्हणजे औषध-चयापचय. हे कार्य मुख्यतः यकृतात आणि काही प्रमाणात आतड्यांत चालते. यकृत औषधाला निष्प्रभ करून बाहेर काढते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. औषध आणि विष यांतला भेद एंझाइम जाणत नाही. मेदात विरघळणारा रेणू पाण्यात विरघळण्याजोगा होऊन लघवीवाटे किंवा पित्तावाटे बाहेर पडावा, या दिशेने हे रूपांतर होत जाते. वाटेत तयार होणारा रेणू निरुपद्रवी ठरेल, गुणकारी ठरेल की घातक, हे त्याच्या रचनेवर अवलंबून असते.

कोडीन या वेदनाशामकाचे उदाहरण पाहावे. योग्य रेणू चिकटला की पेशीच्या आत संदेश पोचवणाऱ्या प्रथिनाला ग्राही म्हणतात. वेदना शमवणाऱ्या म्यू ग्राहींना कोडीन फार दुबळेपणे चिकटते. यकृतातील सीवायपी२डी६ हे एंझाइम त्याचा लहानसा अंश मॉर्फीनमध्ये बदलते आणि वेदना कमी होते ती प्रामुख्याने या मॉर्फीनमुळे. ज्यांच्यात हे एंझाइम निष्क्रिय असते त्यांना गोळीचा गुण फारसा येत नाही. ज्यांच्यात त्याच्या जनुकाच्या जादा प्रती असतात त्यांच्या रक्तात मॉर्फीन धोकादायक पातळी गाठू शकते. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर कोडीन दिलेली काही मुले श्वास मंदावून दगावली. त्यामुळे २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने मुलांमधील या वापराला मनाई केली.

पॅरासिटामॉलची गोष्ट उलट आहे. त्याचा बहुतेक भाग निरुपद्रवी संयुगे होऊन बाहेर पडतो, पण थोड्या भागापासून एनएपीक्यूआय हा विषारी रेणू बनतो. पेशींतील ग्लुटाथायोन हे संयुग त्याला लगेच निकामी करते. अतिमात्रेत ग्लुटाथायोनचा साठा आटतो आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. ॲसिटिलसिस्टीन हा उतारा तो साठा पुन्हा भरतो. आठ तासांच्या आत दिल्यास तो सर्वांत परिणामकारक ठरतो. म्हणजे इथे विष यकृतातच घडते.

माणसागणिक एवढा फरक असेल तर सर्वांना सारखी मात्रा कशी चालते, असा आक्षेप येईल. पुष्कळ औषधांत गुणकारी आणि घातक मात्रांमधले अंतर मोठे असते, म्हणून ती चालते. रक्त गोठू न देणाऱ्या वॉरफेरिनसारख्या औषधात ते अरुंद असते, म्हणून वेळोवेळी रक्त तपासून मात्रा ठरवावी लागते. जनुकचाचणीने हा प्रश्न कायमचा सुटेल, हा दुसरा युक्तिवादही पुरता टिकत नाही. क्षयावरचे रिफॅम्पिसिन सीवायपी३ए४ या एंझाइमाचे प्रमाण वाढवते, त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्यांतील संप्रेरके लवकर मोडली जाऊन त्यांचा प्रभाव घटतो; जनुके मात्र तीच राहतात. म्हणून छापील मात्रा हा सुरुवातीचा अंदाज मानावा, आणि चालू असलेले प्रत्येक औषध डॉक्टरांना सांगणे हा उपचाराचाच भाग समजावा.