मोडलेल्या यंत्राची जबानी

अमेरिकेतील मोटारसायकलचा इतिहास बहुधा कारखान्यांच्या अंगाने लिहिला जातो. स्प्रिंगफील्ड येथे १९०१ साली ‘इंडियन’चा आणि मिलवॉकी येथे १९०३ साली ‘हार्ले-डेव्हिडसन’चा आरंभ झाला, तेथून ती कथा निघते आणि शर्यती, महायुद्धे व चित्रपट अशी वळणे घेत पुढे सरकते. परंतु या वाहनाला जे काही शहाणपण आले, ते बहुतांशी रस्त्यावर पडलेल्या त्याच्याच भग्न सांगाड्यांमुळे आले, असे माझे मत आहे. आणि ते सांगाडे वाचण्याची विद्या ज्या शहरात सिद्ध झाली, त्या लॉस एंजेलिसची हकिकत मराठी वाचकांपुढे सविस्तर यावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

प्रारंभीच्या काळात अपघात होत, हळहळ होई आणि प्रकरण तेथेच दप्तरदाखल होई. न्यू जर्सीतील नेवार्कच्या लाकडी, तीव्र उताराच्या वर्तुळाकार धावपट्टीवर ८ सप्टेंबर १९१२ रोजी एडी हाशा हा नामांकित स्वार, जॉनी अल्ब्राइट हा दुसरा स्वार आणि कठड्याशी उभे असलेले काही प्रेक्षक मृत्युमुखी पडले, तेव्हा वृत्तपत्रांनी संतापाचे रकाने भरले; तथापि अशा धावपट्ट्यांवरील यंत्रांना ब्रेक नसत, आणि पुढेही कित्येक वर्षे ती तशीच ब्रेकवाचून धावत राहिली.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने वापरलेली वाहने स्वस्तात विक्रीस आली, आणि कॅलिफोर्नियातील तरुण कारागिरांनी जुन्या व मोडक्या गाड्या सोडवून, कापून, पुन्हा जोडण्याची एक स्वतंत्र कलाच निर्माण केली. चिखलरोधक पत्रे छाटावेत, पुढचा फोर्क लांबवावा, हँडल उंच करावे, असा तिचा प्रघात होता. या कलेचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे १९६९ च्या ‘ईझी रायडर’ चित्रपटातील गाड्या. पोलिसांच्या लिलावातून घेतलेल्या जुन्या हार्ले गाड्यांतून त्या उभ्या राहिल्या, आणि त्यांमागे बेन हार्डी हा कृष्णवर्णीय कारागीर आणि नागरी हक्कांच्या चळवळीत झटलेला क्लिफ व्हॉझ, या दोघांची बुद्धी व हात होते; त्यांना त्या कामाचे श्रेय मिळण्यास कित्येक दशके लागली, ही गोष्ट आजही मनाला लागते. चित्रपटात मोडलेली गाडी पुढे डॅन हॅगर्टी या नटाने पुन्हा उभारली. पण त्या गाड्यांपैकी ‘कॅप्टन अमेरिका’ नावाच्या देखण्या गाडीला पुढचा ब्रेकच नव्हता. आणि हजारो तरुणांनी तिचेच अनुकरण केले.

लॉस एंजेलिसमध्येच, त्याच सुमारास, मोडक्या गाडीकडे निराळ्या दृष्टीने पाहणारी माणसे काम करीत होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील डेर्विन सेव्हरी व त्यांचे सहकारी यांनी मोटारींवर मोटारसायकली मुद्दाम आदळवून १९७० साली असे दाखवून दिले, की धडकेनंतर दोन चाकांमधील अंतर जितके घटते, त्यावरून धडकेच्या वेळच्या वेगाचा अदमास बांधता येतो. म्हणजे मेस्त्री जो वाकलेला फोर्क काढून भंगारात टाकतो, तो वस्तुतः त्या घटनेचा दस्तऐवज असतो. दिव्याच्या फुटक्या गोळ्याचेही तसेच आहे: प्रज्वलित तार तप्त व मऊ असल्याने आघाताने ताणली जाते, थंड तार मात्र ठिसूळपणे तुटते, आणि त्यावरून अपघाताच्या क्षणी दिवा पेटलेला होता की नाही, हे जाणता शोधक सांगू शकतो.

या विद्येला भक्कम पाया लाभला तो सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक हॅरी हर्ट यांच्यामुळे. ते पूर्वाश्रमीचे नौदलातील वैमानिक. वैमानिकांसाठी त्यांनी लिहिलेला वायुगतिशास्त्राचा ग्रंथ सर्वमान्य झालेला होता, आणि विमान पडले की त्याचा प्रत्येक तुकडा तपासावयाचा, ही विमानविद्येतील शिस्त त्यांच्या अंगी बाणलेली होती. केंद्र सरकारच्या वाहतूक-सुरक्षा खात्याच्या साहाय्याने १९७६ व १९७७ या दोन वर्षांत त्यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातील ९०० अपघातांचा प्रत्यक्ष स्थळी जाऊन पंचनामा केला, आणि शिवाय पोलिसांचे ३,६०० अहवाल तपासले. पथकातील माणसे स्वतः स्वार होती. एवढ्यावर न थांबता, ज्या ठिकाणी अपघात झाला त्याच ठिकाणी, त्याच वारी, त्याच वेळी जाऊन, तेथून सुखरूप जाणाऱ्या दोन हजारांहून अधिक स्वारांची त्यांनी चौकशी केली. कारण पडलेल्याची गोष्ट न पडलेल्याशी ताडून पाहिल्यावाचून तिचा अर्थ लागत नाही. मला हा भाग त्या संशोधनातील सर्वांत मोलाचा वाटतो.

१९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालाने कित्येक रूढ समजुती उलथवल्या. अपघातांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरी होत्या, आणि त्यांतील दोन-तृतीयांशांत दुसऱ्या चालकाने स्वाराचा मार्गाधिकार डावलला होता, बहुधा स्वार त्याच्या दृष्टीसच न पडल्यामुळे. अपघातापूर्वीचा मध्यवर्ती वेग ताशी सुमारे ४८ किलोमीटर, म्हणजे अगदी सामान्य होता. यंत्रातील बिघाड तीन टक्क्यांहूनही कमी अपघातांस कारण झाला. संकट दिसल्यापासून स्वाराला दोन सेकंदही मिळत नसत. आणि तेवढ्यात तो मागचा ब्रेक जोराने दाबून चाक घसरवी, पुढचा मात्र पुरेसा वापरीत नसे. जोराने थांबताना भार पुढच्या चाकावर येतो आणि थांबविण्याची अधिक शक्ती त्याच चाकात असते, हे त्याला कोणी शिकविलेलेच नसे. ९२ टक्के स्वार स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकले होते. आपल्याकडेही ‘पुढचा ब्रेक दाबू नकोस’ असे पोराला बजावणारे वडीलधारे घरोघरी आहेत, आणि त्यांच्या प्रेमाविषयी आदर बाळगूनही ही शिकवण घातक आहे, असे मला स्पष्ट म्हणावेसे वाटते. फेरफार करून पुन्हा बांधलेल्या, लांब फोर्काच्या धर्तीच्या गाड्यांचे प्रमाणही अपघातांत अवाजवी आढळले.

अहवालातील सूचना हळूहळू अमलात आल्या. १९७३ पासून कार्यरत असलेल्या मोटारसायकल सुरक्षा प्रतिष्ठानाच्या प्रशिक्षणास बळ मिळाले. कॅलिफोर्नियात १९८७ साली राज्याची स्वतंत्र प्रशिक्षण योजना सुरू झाली. शिरस्त्राणाची सक्ती तेथे १ जानेवारी १९९२ रोजी आली, तीही पुण्यात झाला त्याहून कमी नव्हे इतक्या विरोधानंतर. आणि १९९१ साली ५२३ असलेले मोटारसायकल-अपघातांतील मृत्यू एका वर्षात ३२७ वर आले. आदळलेली गाडी चौकट सरळ करून पुन्हा रस्त्यावर आणता येते. आदळलेले शिरस्त्राण मात्र दुरुस्त होत नाही, कारण त्याचे आतले अस्तर चिरडले जाऊन आघात शोषते आणि एकदा चिरडले की त्याचा उपयोग सरतो.

विमा कंपनीने पूर्ण नुकसान म्हणून निकालात काढलेल्या वाहनाच्या मालकीपत्रावर अमेरिकेतील राज्ये तसा कायमचा शेरा मारतात. कॅलिफोर्नियात अशी गाडी नव्याने उभारून पुनश्च नोंदवावयाची, तर मालकाला अनेक दशके ब्रेक व दिवे यांच्या तपासणीचे दाखले आणावे लागत. हर्ट यांच्या पथकाने नऊशे सांगाड्यांपाशी ज्या दोन गोष्टींची कसून चौकशी केली, त्याच या. स्वतः हर्ट २००९ साली निवर्तले. त्यांच्या धर्तीचे नवे संशोधन व्हावे, असा आदेश अमेरिकी काँग्रेसने २००५ च्या कायद्यान्वये दिला होता. ते पुढे ऑरेंज काउंटीत झाले आणि त्यात ३५१ अपघात तपासले गेले. दरम्यान रस्ते, मोटारी आणि स्वारांची वये सारीच बदललेली असताना, हर्ट यांच्या निम्म्याहूनही कमी साक्षींवर त्या श्रीमंत देशाने भागवावे, हे मला अपुरे वाटते.