कण्हेरखेडचे पाटील आणि सैन्यांतील देहपरीक्षा

सातारा जिल्ह्यांतील कोरेगांव तालुक्यांत कण्हेरखेड नांवाचें एक गांव आहे. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याचें हें मूळ स्थान. राणोजी शिंदे येथलेच. आणि त्यांचे पुत्र महादजी हे उत्तरेच्या राजकारणाचीं सूत्रें हातीं आल्यावरहि स्वतःस ‘पाटील’ म्हणवून घेण्यांतच भूषण मानीत, हें इतिहासाच्या वाचकांस विदित आहेच. ता. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर मराठी सैन्याची वाताहत झाली, तेव्हां एका अफगाण स्वारानें पाठलाग करून महादजींच्या पायावर असा घाव घातला कीं, तो पाय जन्माचा अधू झाला. राणेखान नांवाच्या भिस्त्यानें त्यांस आपल्या बैलावर घालून सुखरूप दक्षिणेंत पोंचविलें. पुढें १७७१ सालीं मराठ्यांनीं दिल्ली घेतली, १७७२ च्या आरंभीं शहाआलम बादशहा तेथें परतला, १७८२ सालीं सालबाईचा तह झाला. या सर्व घडामोडींत जो पुरुष अग्रभागीं होता, तो लंगडत चालत होता.

आतां असा तरुण आज राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशासाठीं वैद्यकीय मंडळापुढें उभा राहिला, तर काय होईल? त्याची बुद्धि, त्याचें धैर्य, त्याचें घराणें यांपैकीं कशाचीहि चौकशी न करतां मंडळ त्यास ‘अपात्र’ ठरवील. मग मंडळ चुकलें असें म्हणावें, कीं महादजी हा केवळ अपवाद होता असें समजावें? प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं, आणि ज्या जिल्ह्यांत घरोघरीं फौजेची परंपरा आहे, तेथें तो केवळ पांडित्याचाहि नाहीं.

प्रथम हें लक्षांत घेतलें पाहिजे कीं, महादजींची भरती कोणीं केली नव्हती. सरदारकी घराण्यांत होती, आणि घाव लागण्यापूर्वींच ते लढवय्ये म्हणून सिद्ध झाले होते. आधुनिक सैन्याची रीत निराळी. तें सतरा-अठरा वर्षांचा, कांहींच न केलेला मुलगा निवडतें, तीन वर्षें खडकवासल्यास व पुढें सुमारें एक वर्ष डेहराडूनसारख्या ठिकाणीं त्यास सरकारी खर्चानें शिकवितें, आणि मग कित्येक वर्षें त्याच्याकडून काम घेण्याची अपेक्षा ठेवतें. झालेला पराक्रम पाहण्याची येथें सोय नाहीं; होणाऱ्या पराक्रमाचा अंदाज बांधावयाचा असतो. देहपरीक्षा हा त्या अंदाजाचाच एक भाग होय.

हा दरवाजा आपल्यासाठीं उघडला तोहि फार जुन्या काळीं नव्हे. १९१८ पासून सँडहर्स्ट येथें हिंदी तरुणांसाठीं वर्षास अवघ्या दहा जागा मिळूं लागल्या. १९२२ सालीं डेहराडूनचें राजपुत्राच्या नांवाचें सैनिकी विद्यालय निघालें, आणि १९३२ सालीं तेथेंच चाळीस छात्रांनिशीं भारतीय सैनिकी प्रबोधिनी सुरू झाली. महाराष्ट्रांत १९३७ सालीं डॉ. बा. शि. मुंजे यांनीं नाशिकास भोंसला सैनिकी विद्यालय काढलें. हे गृहस्थ पेशानें नेत्रवैद्य होते, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें मौजेची आहे. खडकवासल्याच्या प्रबोधिनीची कोनशिला १९४९ सालीं बसली व १९५५ च्या जानेवारींत तिचें उद्घाटन झालें. पुढें ता. २३ जून १९६१ रोजीं साताऱ्यासच देशांतील पहिली सैनिक शाळा निघाली. कोरेगांवच्या शेतकऱ्याच्या मुलास अधिकारी होण्याचा मार्ग अशा रीतीनें अक्षरशः घराजवळ आला.

या मार्गाची रचना पाहण्यासारखी आहे. लेखी परीक्षेस ९०० गुण, निवड मंडळाच्या पांच दिवसांच्या कसोटीस ९०० गुण. वैद्यकीय तपासणीस मात्र एकहि गुण नाहीं. तरीपण अठराशेंपैकीं कितीहि गुण मिळाले, तरी या शून्य गुणांच्या परीक्षेपुढें त्यांचें कांहीं चालत नाहीं. निवड मंडळानें दिलेली शिफारस ही नेमणूक नव्हे. ती सशर्त असते, आणि पुढें गुणवत्तायादींत नांव यावें लागतें तें निराळेंच. आपल्याकडील कुटुंबें येथेंच फसतात. शिफारस झाली कीं गांवांत पेढे वाटले जातात. मग रंग नीट ओळखतां येत नाहींत असें मंडळ सांगतें, आणि कालचा ‘साहेब’ आज तोंड लपवितो. वास्तविक यांत लाजण्यासारखें काय आहे? रंगांधत्व बहुधा जन्मतःच येतें. तें आळसाचें वा भित्रेपणाचें फळ नव्हे.

मंडळाचे निकालहि एकाच जातीचे नसतात. कांहीं दोष तात्पुरते मानले जातात. उपचार वा शस्त्रक्रिया करून उमेदवार पुन्हां तपासणीस येऊं शकतो. कायमचा अपात्र ठरला, तरी अपील मंडळाची व त्याहिपुढें पुनर्विलोकनाची वाट असते. अमेरिकेंत याहून निराळी पद्धति आहे. वेस्ट पॉइंटसारख्या संस्थांत चांगल्या उमेदवारास ‘देहपरीक्षेंत पात्र ठरल्यास’ या अटीवर जागा देऊं करतात. वैद्यकीय मंडळ फक्त उमेदवार निकषांत बसतो कीं नाहीं एवढेंच सांगतें. दोष असूनहि सूट द्यावयाची कीं काय, हें ती संस्था आपली गरज पाहून ठरविते. म्हणजे वैद्याचें काम आणि सेनापतीचें काम तेथें वेगळें ठेवलें आहे. आपल्याकडे सूट व्यक्तीस क्वचितच, वर्गास अधिक मिळते. डोंगराळ प्रदेशांतील उमेदवारांस उंचींत मिळणारी सवलत हें त्याचें उदाहरण.

निकष म्हणजे कांहीं वेदवाक्य नव्हे. १९१४ च्या महायुद्धांत इंग्लंडांत पांच फूट तीन इंचांहून ठेंगण्या पुरुषांस परत पाठवीत. परंतु माणसांची निकड भासूं लागतांच त्यांच्याच निराळ्या पलटणी उभारल्या गेल्या. माणसांची उंची वाढली नव्हती, राज्याची गरज वाढली होती. त्याच युद्धांत आमच्या साताऱ्याजवळील अपशिंगे या एका गांवचे ४६ जवान कामीं आले.

सैन्याच्या अंतरंगांत तर आणखी एक न्याय चालतो. दाराशीं कठोर असलेली ही संस्था आपल्या माणसासाठीं वांकते. १९७१ च्या युद्धांत मुंबईचे इयान कार्डोझो यांनीं सुरुंगस्फोटांत एक पाय गमावला. तरी लांकडी पायानिशीं त्यांनीं पुढें पायदळाच्या पलटणीचें व नंतर ब्रिगेडचें नेतृत्व केलें. महादजींचाच वारसा हा! साताऱ्याचेंच दुसरें उदाहरण घ्या. सातारा सैनिक शाळेचे विद्यार्थी कर्नल संतोष महाडिक १९१५ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे २०१५ च्या नोव्हेंबरांत काश्मिरांत धारातीर्थीं पडले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांस सरकारनें वयाची अट शिथिल केली. निवड मंडळ, देहपरीक्षा आणि चेन्नईचें खडतर शिक्षण यांतून मात्र सुटका दिली नाहीं. त्या सर्वांतून पार पडून त्या २०१७ सालीं अधिकारी झाल्या. सूट कशी असावी याचा हा उत्तम नमुना होय: जी अट परिस्थितीमुळें आड येते ती सोडावी, जी कामासाठीं आवश्यक आहे ती सोडूं नये.

तथापि या न्यायाला एक काळा डाग दीर्घकाळ राहिला. जो छात्र धडधाकट म्हणून आंत घेतला, तोच शिक्षण चालू असतां जायबंदी झाला, तर त्यास घरीं पाठवीत. आणि अधिकारपद मिळण्यापूर्वींच बाहेर पडल्यामुळें त्यास माजी सैनिक मानीत नसत. १९८५ पासून असे सुमारें पांचशें छात्र बाहेर पडल्याचें वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालें. २०२५ च्या ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयानें हा प्रश्न आपण होऊन हातीं घेतला, आणि त्याच महिन्यांत माजी सैनिकांची वैद्यकीय योजना या छात्रांस लागू करण्याचा निर्णय झाला. दाराशीं देह पारखून घेणाऱ्यानें, तो देह आपल्या अंगणांत मोडला असतां पाठ फिरवूं नये, इतका साधा धर्म समजण्यास आपणांस चाळीस वर्षें लागलीं.

महादजींचा अंत ता. १२ फेब्रुवारी १७९४ रोजीं पुण्याजवळ वानवडीस झाला. त्यांची छत्री तेथेंच आहे. त्याच वानवडींत १९४८ सालीं स्थापन झालेलें सैन्यदलांचें वैद्यकीय महाविद्यालय उभें आहे, जेथें देह पारखणारे डॉक्टर घडतात. या शेजारानें त्या डॉक्टरांस आपल्या मापाची मर्यादा आठवावी. ती मापें त्यांनीं टाकून द्यावीं असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. कारण कड्यावर दोर धरणाऱ्याचा हात निसटला, तर मरतो तो बहुधा दुसराच.

पालकांस एवढेंच सांगणें आहे. मुलानें लेखी परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वींच त्याचे डोळे, कान, नाक, वजन जाणत्या डॉक्टरकडून तपासून घ्यावें. सुधारण्याजोगें असेल तें वेळीं सुधारावें. जें सुधारत नाहीं तें त्यास सोळाव्या वर्षीं कळूं द्यावें. एकोणिसाव्या वर्षीं, पेढे वाटून झाल्यावर, नव्हे. देशाच्या कामास माणसें अनेक लागतात, आणि एका मंडळाच्या शेऱ्यावरून मुलाची किंमत ठरविण्याचा अधिकार निदान त्याच्या आईबापांस तरी नाहीं.