एशियाड दिल्लीत, शिडे मुंबईत : १९८२

१/ १९ नोव्हेंबर १९८२ रोजी नववे एशियाड दिल्लीत सुरू झाले. स्टेडियम, उड्डाणपूल, रंगीत दूरदर्शन, सारा थाट राजधानीत होता. एका खेळापुढे मात्र दिल्लीचा इलाज चालेना. शीडनौकांच्या शर्यतीला समुद्र लागतो. ती शर्यत मुंबईत झाली.

२/ हा खेळ किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला चटकन उमगत नाही. वाऱ्याच्या थेट समोर कोणतीही शिडाची नौका जाऊ शकत नाही. तिला तिरके, नागमोडी वळत पुढे सरकावे लागते. कोणत्या बाजूला किती वेळ राहायचे आणि कधी वळायचे, यातच अर्धी शर्यत ठरते. शर्यती अनेक होतात आणि ज्याचे गुण सर्वांत कमी, तो विजेता.

३/ त्यात मुंबईचा हिवाळा. पहाटे जमिनीकडून मतलई वारे, दुपारनंतर समुद्राकडून खारे वारे, आणि मधल्या वेळेत शिडे लोंबकळत पडलेली. शिवाय भरती-ओहोटीची ओढ. वारा पडला की ओहोटी नौकेला मागे नेते.

४/ हे ज्ञान कोकणाला नवे नव्हते. सावर्ड्याहून समुद्र दिसत नाही. पण उत्तरेला चिपळूणजवळ गोवळकोटचे बंदर आहे. दाभोळच्या खाडीतून भरतीचा वेळ साधून मालाची गलबते वाशिष्ठीतून तेथवर येत. तांडेलाला वारा आणि पाणी दोन्ही तोंडपाठ असावे लागे. तरीही शर्यतीची नौका त्याच्या वाट्याला आली नाही. तिची वाट क्लबांतून जाई. रॉयल बॉम्बे यॉट क्लबची स्थापना १८४६ची. ब्रिटिश अमदानीत तेथे भारतीयांना सभासदत्व नव्हते. स्वातंत्र्यानंतर हा खेळ मुख्यतः नौदल, लष्कर आणि मोजक्या क्लबांच्या आधाराने वाढला.

५/ १९८२ साली फायरबॉल वर्गात फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी भारतासाठी सुवर्णपदक जिंकले. फायरबॉल ही सुमारे पाच मीटर लांबीची, चपट्या नाकाची, अतिशय हलकी नौका. तीत एक जण सुकाणू धरतो. दुसरा डोलकाठीला बांधलेल्या तारेला लटकून सबंध शरीर पाण्यावर झोकून देतो आणि नौका कलंडू देत नाही. दोघांपैकी एकाचा अंदाज क्षणभर चुकला, तर दोघेही पाण्यात. भारताने त्या एशियाडमध्ये १३ सुवर्णपदके मिळवली. त्यांतले हे एक मुंबईच्या पाण्यावरचे.

६/ याच स्पर्धेत एंटरप्राइझ या निळ्या शिडांच्या नौकांच्या वर्गात सुवर्ण मिळाले पाकिस्तानला. विजेते होते कराचीचे हॉटेल व्यावसायिक बैराम आवारी आणि त्यांच्या पत्नी गोश्पी. आशियाई खेळांत सुवर्णपदक जिंकणाऱ्या त्या पहिल्या पाकिस्तानी महिला. बैराम यांनी १९७८मध्ये बँकॉकलाही याच वर्गात सुवर्ण जिंकले होते, तेव्हा जोडीला मुनीर सादिक होते.

७/ आवारी दांपत्य पारशी. तारापोर आणि करंजिया ही आडनावेही पारशीच. कराची १९३६पर्यंत मुंबई इलाख्यातच होती. म्हणजे एकेकाळी एकाच इलाख्याची असलेली दोन बंदरे येथे दोन ध्वजांखाली उतरली, आणि दोघांनाही सुवर्ण मिळाले.

८/ त्याच एशियाडमध्ये १ डिसेंबरला दिल्लीत हॉकीची अंतिम लढत झाली. पाकिस्तानने भारताला ७-१ने हरवले. तो पराभव आजही सांगितला जातो, आणि ते स्वाभाविकही आहे. हॉकी पाहायला सारा देश बसला होता. मुंबईच्या समुद्रात काय घडले, ते मात्र फारच थोड्यांनी पाहिले.

९/ तारापोर पुढे ‘४७०’ वर्गाच्या नौकेतून तीन ऑलिंपिकमध्ये उतरले : १९८४मध्ये ध्रुव भंडारी, १९८८मध्ये केली राव आणि १९९२मध्ये सायरस कामा यांच्यासोबत. प्रत्येक वेळी जोडीदार नवा, सुकाणूवरचा संसार पुन्हा पहिल्यापासून.