बेंबीभोवतीची कळ : मुलांच्या पोटदुखीला नाव कसं मिळालं

सकाळी शाळेची रिक्षा दारात आली की ज्याचं पोट दुखायला लागतं, त्या मुलासाठी आपल्या घरांत दोन उत्तरं तयार असतात. जंत झाले असतील, नाहीतर नाटक करतोय. वैद्यकशास्त्राचं उत्तरही बराच काळ फार वेगळं नव्हतं. तपासणीत काही सापडलं तर रोग, नाहीतर मनाचे खेळ. आज आपण बघणार आहोत ते हे ‘काही न सापडलेलं’ पोट.

या पोटाची नीट मोजदाद केली ती इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या जॉन ॲपली या बालरोगतज्ज्ञांनी. नेश यांच्यासह त्यांनी 1,000 शाळकरी मुलं पाहिली आणि 1958 साली निष्कर्ष छापले. कसोटी साधी होती : तीन महिन्यांत निदान तीनदा, रोजचे व्यवहार अडतील इतकं पोट दुखणं. अशी मुलं निघाली 10.8 टक्के. म्हणजे पन्नासांच्या वर्गात पाचेक! एवढी सगळी नाटकं करत असतील, हे पटणं कठीण आहे. दुखणं बेंबीपासून जितकं लांब, तितकी शारीरिक आजाराची शक्यता जास्त, हा त्यांचा ठोकताळाही प्रसिद्ध आहे.

ॲपलींचा भर भावनिक ताणावर होता. तो चुकीचा नव्हता, पण ऐकणाऱ्यांनी त्यातून ‘म्हणजे खरं दुखत नाही’ असा सोयीचा अर्थ काढला, असं आम्हाला वाटतं. पुढे आतड्यात छोटा फुगा फुगवून केलेल्या प्रयोगांत दिसलं, की यातल्या बऱ्याच मुलांना इतरांपेक्षा कमी ताणालाही दुखतं. आतडं आणि मेंदू यांच्यातला निरोपच मोठ्या आवाजात पोचतो म्हणा ना.

मोठ्यांसाठी वापरलं जाणारं ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ हे निदान मुलांना स्वतंत्र निकषांसह लागू झालं ते 1999 च्या ‘रोम 2’मध्ये. 2016 च्या ‘रोम 4’नुसार महिन्यातून किमान चार दिवस पोट दुखायला हवं, निदान दोन महिने, आणि त्याचा शौचाशी किंवा शौचाच्या बदललेल्या वेळांशी, स्वरूपाशी संबंध हवा. दुसरा बदल आम्हाला जास्त मोलाचा वाटतो. आधी ‘दुसऱ्या आजाराचा पुरावा नको’ अशी अट होती. आता ‘योग्य तपासणीनंतर दुसऱ्या आजाराने पूर्ण उलगडा होत नाही’ एवढं पुरतं. वजन घटणं, शौचातून रक्त, ताप, वाढ खुंटणं, झोपेतून उठवणारी कळ, यांपैकी काही असेल तर शोध पुढे न्यायचाच. नसेल, तर प्रत्येक नकारात्मक रिपोर्टनंतर आणखी एक सुई टोचायची गरज उरत नाही, आणि डॉक्टर पहिल्याच भेटीत मुलाला सांगू शकतात : तुझं दुखणं खरं आहे, त्याला नाव आहे.