शाळा अंगणात गेली तेव्हा

तुमच्या मुलानं किंवा नातीनं इकडे माँटेसरीत एखादं वर्ष काढलं असेल, तर तिथली फी तुम्हाला नक्की आठवत असेल. गुळगुळीत लाकडी ठोकळे, गुलाबी मनोरा, मण्यांच्या माळा, बुटकी कपाटं. हे सगळं पाहिलं की ही पद्धत सुखवस्तू घरांसाठीच निघाली असावी, असं वाटतं. पण मारिया माँटेसरींनी आपलं पहिलं ‘बालघर’ उघडलं ते ६ जानेवारी १९०७ रोजी, रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत. आईबाप दिवसभर कामावर जात आणि मागे राहिलेल्या मुलांकडे बघायला कोणी नसे, म्हणून. पद्धत गरिबाघरी जन्मली आणि बघता बघता श्रीमंताघरी नांदायला गेली.

तिला पुन्हा गरिबाच्या दारात आणण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्याकडे, ठाणे जिल्ह्यात झाला. तो भाग आता पालघर जिल्ह्यात येतो. ही गोष्ट आपल्या पुढच्या पिढीला क्वचितच माहीत असते.

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य होत्या. ती प्रतिष्ठेची नोकरी सोडून त्या १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात आल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे मुंबईत दादरला त्यांनी शिशुविहार चालवला. काम उत्तम चाललं होतं, नावही झालं होतं. पण येणारी मुलं कोणाची? मुख्यतः शहरी, शिकलेल्या, पांढरपेशा घरांतली. मग ‘मूल असं शिकतं’ हे आपण कोणत्या मुलांकडे बघून म्हणतो, हा प्रश्न उरतोच.

१९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. सोबतीला अनुताई वाघ आल्या. लहानपणीच लग्न, लगेच वैधव्य आणि त्यातून शिकून शिक्षिका झालेली ही बाई. वर्षही लक्षात घ्या. त्याच सुमारास डहाणू-उंबरगाव भागात वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. ज्या घरांतून माणसं सावकाराच्या शेतावर फुकट राबत होती, त्याच घरांतल्या मुलांना बालशिक्षण द्यायचं होतं.

बालवाडी उघडली, पण वस्तीवरची मुलं काही येईनात. इथे पुष्कळ संशोधक ‘पालकांना शिक्षणाची आस्था नाही’ असा शेरा मारून मोकळे झाले असते. या दोघींनी प्रश्न फिरवला. मूल शाळेत येत नाही, तर शाळा मुलाकडे का जात नाही? त्या वस्तीवर गेल्या आणि घरापुढच्या अंगणातच बालवाडी भरवली. तीच ‘अंगणवाडी’. आधी हातपाय धुणं, केस विंचरणं, मग गाणी, गोष्टी, खेळ. महागड्या लाकडी साधनांच्या जागी बिया, पानं, शंखशिंपले, खडे आणि माती आली. मोजायला चिंचोका चालतो, मणीच लागतो असं नाही.

पुढे दहा-बारा वर्षांनी काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे आणखी एक गोष्ट लक्षात आली. सातआठ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटं भावंड असतं. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला ‘विकासवाडी’ म्हटलं. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली, ती ‘कुरणशाळा’. प्रत्येक वेळी शाळा कशी असावी हे मुलाच्या दिवसाकडे बघून ठरलं.

यात सगळंच निर्दोष होतं असं मी म्हणणार नाही. स्वच्छता काय आणि सुसंस्कृतपणा काय, याच्या कल्पना शेवटी बाहेरून आलेल्या माणसांच्याच होत्या. तरी आपल्या पद्धतीत चूक असू शकते हे मान्य करून ती बदलणं ही संशोधनातली सर्वांत अवघड गोष्ट त्यांनी केली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ गटांत सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोचला. शब्द पोचला, पण त्यामागचा प्रश्न बऱ्याच ठिकाणी वाटेतच राहिला. अनेक अंगणवाड्या खाऊवाटपापुरत्या उरल्या. ती चालवणारी बाई सरकारी कागदांत आजही ‘मानसेवी’ आहे, तिला पगार नाही, मानधन मिळतं.

हे सगळं तुम्हाला का सांगतो आहे? कारण आपल्यापैकी बरेच जण देशातल्या शिक्षणकार्याला देणगी देतात. आकडे, आलेख, ‘इतक्या टक्क्यांनी प्रगती’ असा सुबक अहवाल येतो आणि आपण समाधानानं पुढचा चेक लिहितो. परीक्षेच्या दिवशी वर्गात नसलेलं मूल त्या आलेखात नसतं. ऊसतोडीला गेलेलं, वीटभट्टीवर असलेलं, भावंड सांभाळत घरी बसलेलं मूलही नसतं.

पुढच्या वेळी अहवाल आला की एवढंच विचारा: जी मुलं आली नाहीत, त्यांच्या अंगणात कोणी जाऊन आलं का?