बेरीज कोणी करायची? जोशीमठ आणि एकत्रित परिणामांच्या मूल्यांकनाचा इतिहास

जानेवारी २०२३ मध्ये उत्तराखंडातील जोशीमठ हे नगर देशभरच्या बातम्यांत आले. आठशेहून अधिक इमारतींना तडे गेले आणि शेकडो कुटुंबांना घरे सोडावी लागली. २७ डिसेंबर २०२२ ते ८ जानेवारी २०२३ या अवघ्या बारा दिवसांत जमीन ५.४ सेंटीमीटर खचल्याचे उपग्रहांच्या नोंदींवरून दिसले. बातम्यांनी या घटनेला आकस्मिक म्हटले. इतिहास मात्र वेगळे सांगतो.

१९७६ मध्ये, म्हणजे या घटनेच्या जवळपास ४७ वर्षे आधी, गढवालचे तत्कालीन आयुक्त महेशचंद्र मिश्रा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने याच गावाची पाहणी केली होती. जोशीमठ अखंड खडकावर वसलेले नसून जुन्या दरडीच्या दगडमातीवर वसलेले आहे, असे तिने नोंदवले. मोठी बांधकामे टाळावीत, उतारावरील शिळा खणून अथवा सुरुंग लावून काढू नयेत, सांडपाण्याचा व पावसाच्या पाण्याचा नीट निचरा करावा आणि झाडे लावावीत, असा तिचा सल्ला होता.

पुढच्या दशकांत हा सल्ला एखाद्या मोठ्या निर्णयाने फेटाळला गेला, असे घडले नाही. एक हॉटेल, एक रस्ता, एक वसाहत, एक बोगदा अशी कामे एकेक करून झाली. म्हणूनच जमीन खचल्यावर दोष ठरवणे कठीण गेले. कोणी जलविद्युत प्रकल्पाच्या बोगद्याकडे बोट दाखवले, तर प्रकल्पाच्या कंपनीने तो संबंध नाकारला. कोणी सांडपाण्याला, कोणी बहुमजली इमारतींना जबाबदार धरले. आपला वाटा अल्प आहे, असे प्रत्येकाला म्हणता येत होते, आणि सुटा पाहिला तर तो कदाचित अल्पच होता. प्रश्न होता बेरजेचा.

या प्रश्नाला विज्ञानात जुनी परंपरा आहे. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड कान यांनी १९६६ मध्ये ‘लहान निर्णयांची जुलूमशाही’ ही संकल्पना मांडली. १९८२ मध्ये परिसंस्थाशास्त्रज्ञ विल्यम ओडम यांनी ती पर्यावरणाला लावली. अमेरिकेच्या कनेक्टिकट व मॅसॅच्युसेट्स या राज्यांच्या किनाऱ्यावरील जवळपास निम्म्या खाऱ्या दलदली १९५० ते १९७० या काळात नष्ट झाल्या. त्या नष्ट कराव्यात असे कोणीही ठरवले नव्हते. शेकडो छोट्या भरावांनी ते काम केले. अमेरिकेने १९७८ च्या नियमांत ‘एकत्रित परिणाम’ या संज्ञेची कायदेशीर व्याख्याही केली.

भारतात पर्यावरणीय परिणामांचे मूल्यांकन २७ जानेवारी १९९४ च्या अधिसूचनेने बंधनकारक झाले आणि १४ सप्टेंबर २००६ रोजी त्याची नवी चौकट आली. तिच्या अर्जात परिसरातील इतर कामांशी मिळून होणाऱ्या परिणामांविषयी प्रश्न आहे खरा. पण त्याचे उत्तर प्रकल्प उभारणाऱ्यानेच द्यायचे असते. शिवाय मर्यादेखालची कामे चौकटीबाहेर राहतात. २५ मेगावॅटपेक्षा लहान जलविद्युत प्रकल्पांना ही मंजुरी लागत नाही. राष्ट्रीय महामार्गांच्या रुंदीकरणासाठी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. सुमारे ८८९ किलोमीटरचा चारधाम रस्ता ५३ तुकड्यांत विभागला गेला आणि संपूर्ण रस्त्याचे असे मूल्यांकन झालेच नाही.

एकेक तुकडा निरुपद्रवी दिसूनही साखळी घातक का ठरते, हे हिमालयातील नद्यांवरून कळते. बंधाऱ्याशी पाणी बोगद्यात वळवले की वीजगृहापर्यंतचे पात्र जवळजवळ कोरडे पडते. असा एकच प्रकल्प असेल, तर खाली नदी पुन्हा सावरते. परंतु जिथे एकाचे पाणी बाहेर पडते तिथेच दुसऱ्याचा बंधारा असेल, तर तिला मोकळे वाहायला जागा उरत नाही. गाळ अडतो, माशांचे स्थलांतर तुटते, बोगद्यांतून निघालेला राडारोडा काठावर साठतो आणि पुरात तोच खालच्या गावांवर येतो.

अलकनंदा व भागीरथीच्या खोऱ्यांसाठी ही बेरीज अखेर झाली. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१२ च्या अहवालात ७० प्रकल्प एकत्र तपासले: १७ कार्यरत, १४ उभारणीतले आणि ३९ प्रस्तावित. त्यांपैकी २४ प्रकल्पांचा फेरविचार व्हावा, असे तिने सुचवले. जून २०१३ मध्ये केदारनाथचा महापूर आला आणि हजारो माणसे गेली. १३ ऑगस्ट २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तराखंडातील नव्या जलविद्युत प्रकल्पांच्या मंजुऱ्या थांबवून तज्ज्ञ समिती नेमण्याचा आदेश दिला. रवी चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील या समितीने एप्रिल २०१४ मध्ये अहवाल दिला. २४ पैकी २३ प्रकल्पांचा परिणाम गंभीर असेल, असा तिचा निष्कर्ष होता.

७ फेब्रुवारी २०२१ रोजी रोंती शिखराजवळून खडक व बर्फाचा प्रचंड कडा कोसळला. तो नैसर्गिक होता. पण त्याच्या वाटेत १३.२ मेगावॅटचा ऋषिगंगा आणि त्याखाली ५२० मेगावॅटचा तपोवन-विष्णुगाड हे प्रकल्प होते. दोनशेहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. त्यांतील बहुतेक तिथे राबणारे कामगार होते. कडा कोसळणे माणसाच्या हाती नव्हते; त्याच्या वाटेत किती माणसे असावीत, हे मात्र एकेका मंजुरीने ठरत गेले होते.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी या इतिहासातून एक गोष्ट लक्षात ठेवावी. मूल्यांकनाची सीमा कुठे आखली, यावर त्याचे उत्तर अवलंबून असते. सीमा प्रकल्पाच्या कुंपणाशी थांबली, तर परिणाम नेहमीच अल्प दिसतो. ती नदीच्या खोऱ्यापर्यंत, डोंगराच्या उतारापर्यंत आणि पुढच्या पन्नास वर्षांपर्यंत नेली, तर चित्र बदलते. आपल्या गावाचा वा शहराचा विकास आराखडा हाती आला, तर त्यातील एखाद्या कामापुरते पाहून थांबू नये. आधी काय झाले आहे, आणखी काय मंजूर आहे आणि या सर्वांची बेरीज कोणी केली आहे, हे विचारावे. जोशीमठात दगडमातीचा इशारा १९७६ पासून लिहिलेला होता. बेरीज करण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नव्हती.