वेळासची कासवं: चोर थांबले, ऊन आलं

चाकणची शिफ्ट संपवून कंपनीच्या बसमध्ये बसलेले, भोसरीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेले, सगळ्यांचं स्वागत. आज ताम्हिणी घाट उतरून कोकणात जाऊ, मंडणगड तालुक्यातल्या वेळासला. नाना फडणवीसांच्या घराण्याचं हे मूळ गाव. पण आजची गोष्ट पेशवाईची नाही, अगदी अलीकडची आहे.

2002 साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेचे भाऊ काटदरे आणि सहकारी समुद्री गरुडाच्या अभ्यासासाठी किनाऱ्यावर फिरत होते. वेळासच्या वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. ऑलिव्ह रिडले मादी रात्री येते, खड्ड्यात शंभरेक अंडी घालते आणि निघून जाते. मागून माणसं, कोल्हे, कुत्रे ती उकरायचे. संस्थेने गावकऱ्यांनाच सोबत घेतलं. अंडी अलगद काढायची, कुंपणातल्या खड्ड्यात ठेवायची, पिल्लं निघाली की समुद्राकडे सोडायची. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, घरोघरी पाहुणे उतरू लागले. ही लढाई गावाने जिंकली, असं मी तरी बिनधास्त म्हणेन.

पण कुंपणाने ऊन अडत नाही. म्हणजे बघा, कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूचं तापमान ठरवतं. साधारण 29-30 अंशांना दोन्ही निघतात. त्याहून दोन-तीन अंश वर गेलं, की जवळपास सगळ्या माद्याच. वाळू आणखी तापत राहिली तर पिल्लं अंड्यातच मरतात. हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर काम करणाऱ्यांना दोन-चार अंशांचं मोल वेगळं सांगायला नको!

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या लहान कासवांपैकी 99 टक्क्यांहून जास्त माद्या निघाल्या. आपला अरबी समुद्रही तापतोय. 3 जून 2020 ला 'निसर्ग' चक्रीवादळ याच पट्ट्यावर आदळलं, ते आठवत असेलच.

खड्ड्यांवर सावलीची जाळी लावता येते, वाळूवर पाणी शिंपडता येतं. पण खरी अडचण वेगळीच आहे. नुकतं जन्मलेलं पिल्लू बघून नर की मादी ते कळत नाही, आणि ते मोठं व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात. या उन्हाळ्यात वेळासच्या वाळूतून किती नर निघाले, त्याचा परिणाम दिसायला 2040 उजाडेल.